जेसीबी येण्याआधी

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचं नाव येतंच. 1972 च्या दुष्काळानंतर 1973 चा पावसाळा जोरात झाला आणि शहरातल्या रस्त्यांची चाळण झाली. श्रीकांत शिरोळे हे तरुण नगरसेवक तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मुंबईत पुण्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तरी तिथले काही रस्ते टिकतात, ते कसे, याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि ते 'रेकॉन्डो' या दोन पारशी बंधूंच्या कंपनीपर्यंत पोचले. कंपनीने हॉटमिक्स तंत्राने रस्ता करायचा आणि 10 वर्षं त्यावर खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी द्यायची, असं ठरलं. 1 जानेवारी 1976 रोजी रस्ता तयार झाला. हमीची मुदत संपली, पुढे कित्येक पावसाळे गेले, तरी हा रस्ता न खचणारा रस्ता म्हणून गाजत राहिला.

ही गोष्ट सांगताना लोक त्या ठेकेदाराच्या सचोटीचं कौतुक करतात. ते करायलाच हवं. पण नागरिक म्हणून आपल्या उपयोगाचा भाग त्याच्या अलीकडचा आहे. काम कोणत्या पद्धतीने होणार, कोण करणार आणि बिघडलं तर कोण भरून देणार, हे सगळं पहिली कुदळ पडण्याआधी ठरलं होतं. रस्त्याचं भवितव्य असंच आधी, कागदावर ठरतं. आपण मात्र जागे होतो ते दारात जेसीबी उभा राहिल्यावर. तोवर मोजमापं झालेली असतात, निविदा उघडलेली असते, कार्यादेश निघालेला असतो आणि समोर उभ्या असलेल्या मुकादमाच्या हातात बदलण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

या प्रकरणात आपण पुण्याचं उदाहरण घेऊन तेच आधीचे महिने समजून घेऊ. नावं आणि विभाग शहरागणिक थोडे बदलतील, पण नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाचकालाही आपला मार्ग यातून सापडेल.

अंदाजपत्रकातली तुमची गल्ली

महापालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. त्याआधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करते आणि शेवटी मुख्य सभा त्याला मंजुरी देते. पुण्यात 2022 च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक 2026 च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात समिती आणि सभा या दोघांचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते. त्या वर्षांत नागरिकांना आपलं म्हणणं कुठे मांडायचं हेच कळेनासं झालं होतं. आता सभागृह पुन्हा भरलं आहे, तेव्हा आपलं म्हणणं मांडायची ही वाट पुन्हा वापरात आणायला हवी.

अंदाजपत्रकाचं पुस्तक जाडजूड असतं, पण सगळं वाचायची गरज नाही. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचं आणि प्रभागाचं पान शोधायचं. तिथे दोन शब्द भेटतील. पहिला 'स यादी'. नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं या यादीत येतात: पदपथ, दिवे, ड्रेनेजच्या छोट्या वाहिन्या, बाकं. दुसरा शब्द 'वर्गीकरण'. वर्षाच्या मध्यात एका कामासाठी ठेवलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. तुमच्या गल्लीचं काम एप्रिलमध्ये यादीत दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये, याचं कारण हेच. कार्यादेश निघेपर्यंत ते काम खऱ्या अर्थाने तुमचं झालेलं नसतं.

यादीत नाव घालण्याची एक वाट थेट नागरिकांसाठी आहे. 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून पुणे महापालिकेने 'नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक' ही पद्धत सुरू केली. देशात असा प्रयोग करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांत पुण्याची गणना होते. पावसाळा सरता सरता क्षेत्रीय कार्यालयांत आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर अर्ज उपलब्ध होतात. आपल्या भागातलं, साधारण 5 लाख रुपयांच्या आत बसेल असं काम त्यावर सुचवायचं. छाननी होऊन मान्य झालेली कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात.

अर्ज कसा लिहावा, यावर बरंच अवलंबून असतं. 'आमच्या भागातले रस्ते नीट करावेत' अशा सूचनेचं कनिष्ठ अभियंता काहीच करू शकत नाही. त्याला पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार करायचा असतो आणि त्यासाठी जागा, लांबी आणि दोष हवे असतात. 'अमुक मंदिरापासून अमुक शाळेच्या फाटकापर्यंत डाव्या बाजूचा पदपथ, लांबी अंदाजे 80 मीटर, चार ठिकाणी फरशा उखडलेल्या, मधलं चेंबरचं झाकण खचलेलं, शाळेच्या फाटकाशी उतार नाही.' अशी सूचना आली की अभियंत्याचं अर्धं काम झालेलं असतं आणि ती नाकारायला सबबही उरत नाही. लांबी पावलांनी मोजली तरी चालते.

रस्ता कोणाच्या अखत्यारीत?

तक्रारी वाया जाण्याचं मोठं कारण म्हणजे त्या चुकीच्या टेबलावर जातात. पुण्यात 12 मीटरपेक्षा अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे, अशी ढोबळ विभागणी आहे. रस्त्यावरचा दिवा विद्युत विभागाकडे, झाडाची फांदी उद्यान विभागाकडे, पाण्याची गळती पाणीपुरवठा विभागाकडे, तुंबलेलं चेंबर ड्रेनेज विभागाकडे. विजेची केबल महावितरणची, गॅसची वाहिनी गॅस कंपनीची. एकाच खड्ड्यामागे यातले तीन जण असू शकतात. वाहिनी गळते, तिच्याखालची माती वाहून जाते आणि वरचं डांबर खचतं. अशा वेळी पथ विभागाने खड्डा कितीदाही बुजवला तरी तो उघडणारच, कारण त्याचं मूळ पाणीपुरवठा विभागाच्या हद्दीत आहे.

म्हणून खड्डा दिसला की आधी एक गोष्ट पाहावी. पाऊस नसतानाही तिथे ओल आहे का? असेल तर तक्रार पाण्याच्या विभागाकडे करावी आणि प्रत पथ विभागाला द्यावी. 'पीएमसी केअर' या महापालिकेच्या तक्रार-सेवेवर तक्रार नोंदवताना योग्य विभाग निवडला की ती फिरत राहत नाही. तक्रारीचा क्रमांक मात्र जपून ठेवावा, पुढच्या प्रत्येक पत्रात तो लागतो.

रस्त्याच्या पोटात

वरून दिसणारं डांबर हे रस्त्याचं फक्त कातडं. खाली दाबून बसवलेली माती, त्यावर मुरूम आणि जाड खडीचा थर, त्यावर ओल्या मिश्रणाच्या खडीचा थर, मग डांबरमिश्रित जाड थर आणि सर्वांत वर बारीक खडीचा गुळगुळीत थर. वाहनाचं वजन एकेका थरातून पसरत पसरत मातीपर्यंत पोचतं. माती कोरडी आणि घट्ट असेल तर ती ते पेलते. तिच्यात पाणी मुरलं की ताकद घटते, रस्ता खाली दबतो, वरचं डांबर तडकतं आणि त्या भेगेतून आणखी पाणी आत जातं. रस्ता मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने.

म्हणूनच चांगला डांबरी रस्ता सपाट नसतो. मधोमध थोडा उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता असतो. 6 मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण 7 सेंटिमीटर उंच असायला हवा आणि कडेला आलेलं पाणी पावसाळी गटारात जायला हवं. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने गल्लीत चक्कर मारावी. जिथे डबकं उरलं असेल तिथे पुढच्या वर्षी खड्डा पडणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. त्या डबक्याचा तारखेसह काढलेला फोटो हा कोणत्याही अर्जाला जोडण्याजोगा उत्तम पुरावा असतो.

आता खोदाई. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहराचे 141 झोन पाडले गेले आणि दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिन्या टाकण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्यात गॅस, वीज आणि इंटरनेटच्या केबल आल्या. ही कामं गरजेचीच आहेत, खोदल्याशिवाय ती होणार नाहीत. प्रश्न चर बुजवण्याचा आहे. योग्य पद्धत अशी: वाहिनीभोवती बारीक वाळूसारखं साहित्य टाकायचं, त्यावर वीतभर जाडीचा एकेक थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोकायचं, मग खडी आणि शेवटी डांबर. घाईत मात्र हे सगळं गाळलं जातं. खोदलेली माती, दगड, कधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, एका दमात चरात लोटली जाते, वर खडी पसरली जाते आणि संध्याकाळपर्यंत डांबराचा पट्टा दिसतो. सात दिवस सगळं छान वाटतं. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले की चर आपला आपण उघडा पडतो आणि दुचाकीचं पुढचं चाक नेमकं त्याच्या लांबीत अडकतं.

आपल्या दारासमोर चर बुजवला जात असताना एवढंच पाहावं की धुम्मसचा आवाज एकदाच येतो की थराथराला येतो. एकदाच आला तर त्याच दिवशी तक्रार करावी. पावसाळ्यानंतर केलेली तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.

आणखी एक मागणी प्रत्येक नव्या रस्त्याच्या वेळी करता येते: रिकाम्या वाहिन्यांची. रस्त्याखालून आडवा जाणारा एक मोकळा पाइप आधीच टाकून ठेवला की पुढे केबल ओढून घेता येते, डांबर फोडावं लागत नाही. याचा खर्च पूर्ण रस्त्याच्या मानाने किरकोळ असतो, पण ही मागणी पूर्वगणनपत्रक होण्याआधी पोचायला हवी.

ट्रक मोजायला शिका

रस्त्याच्या कामावर देखरेख करायला पदवी लागत नाही, साधा गुणाकार पुरतो. समजा तुमच्या गल्लीचा 200 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद भाग डांबरी होणार आहे आणि कागदावर वरच्या डांबरी थराची जाडी 50 मिलिमीटर आहे. 200 गुणिले 6 गुणिले 0.05 म्हणजे 60 घनमीटर. दाबून बसलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला सुमारे 2.3 ते 2.4 टन असतं. म्हणजे एकूण 140 टनांच्या आसपास माल. ट्रकमध्ये 10 टन माल येत असेल तर 14 फेऱ्या झाल्या पाहिजेत. आठच झाल्या, तर थर 30 मिलिमीटरच्या आत बसला असण्याची शक्यता आहे आणि प्रश्न विचारायला तुमच्याकडे ठोस कारण आहे.

जाडीनंतर पाहायची ती उष्णता. हॉटमिक्सचा जीव गरम असण्यात आहे. नेहमीच्या डांबराचं मिश्रण पसरताना 140 अंश सेल्सिअसच्या आसपास असावं आणि ते 90 अंशांच्या खाली जायच्या आत रोलर फिरून झालेला असावा. महापालिकेचा हॉटमिक्स प्रकल्प येरवड्यात आहे. तिथून निघालेला ट्रक संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्त्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ पुणेकरांना सांगायला नको. ट्रकवर ताडपत्री हवी ती यासाठी. माल ओतताना वाफ निघते का, खडीचा प्रत्येक दाणा काळाभोर आणि चकचकीत आहे का, हे पाहायचं. राखाडी, कोरडा दिसणारा, ढेकळं झालेला माल थंडावलेला असतो. तो कितीही दाबला तरी एकजीव होत नाही आणि पहिल्या पावसात त्याची खडी सुटते.

तिसरी गोष्ट रस्त्याची उंची. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत राहिलं की रस्ता वर येतो आणि शेजारच्या सोसायट्या खाली जातात. मग पावसाचं पाणी गटाराऐवजी पार्किंगमध्ये शिरतं. जुना थर यंत्राने खरवडून काढण्याची तरतूद पूर्वगणनपत्रकात आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारून घ्यावं.

फलक, हमी आणि सोमवारची दुपार

कामाच्या जागी माहितीफलक लावलेला असायला हवा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, दोष दायित्व कालावधी. या शेवटच्या ओळीत रस्त्याची हमी आहे. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षांत ते बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. जंगली महाराज रस्त्याच्या हमीची गोष्ट साऱ्या शहराला पाठ आहे, पण आपल्याच गल्लीच्या हमीची तारीख कुणाला ठाऊक नसते. परिणाम असा, की ठेकेदाराने फुकट करून द्यायची दुरुस्ती नव्या निविदेतून, आपल्याच कराच्या पैशाने होते. मधल्या काळात दुसऱ्या कुणी रस्ता खोदला तर मूळ ठेकेदार जबाबदारी झटकू शकतो. म्हणून कुणी, कधी आणि कुठून कुठपर्यंत खोदलं, याचीही नोंद आपल्यापाशी असलेली बरी.

फलक नसेल तर माहिती मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, सोमवार. पुणे महापालिकेने 2009 च्या सुमारास दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू केली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही महापालिकेत किंवा नगरपालिकेत सोमवारी दुपारी जाऊन आपल्या कामाची फाइल मागता येते. सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. अर्ज-प्रतीक्षेचा महिना वाचतो.

दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. नेमकं मागावं: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं, त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. मोजमाप पुस्तकात अभियंत्याने नोंदवलेल्या लांबी-रुंदी-जाडीवरच ठेकेदाराचं बिल निघतं. तुमचा ट्रकचा हिशोब आणि ते पान शेजारी ठेवलं की सगळं बोलकं होतं. याच कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला दिला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

चांगल्या रस्त्यांच्या हक्काबाबत न्यायालयानेही स्पष्ट भूमिका घेतली आहे. सुस्थितीतले रस्ते हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अपघात झालाच तर जागेचे फोटो, पोलिसांतली नोंद आणि त्या खड्ड्याबद्दलची आधीची तक्रार हे तिन्ही जपून ठेवावं.

चालणाऱ्याचा रस्ता

रस्त्याचा विचार आपण डांबराच्या रुंदीने करतो, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं जगतात ती पदपथावर. भारतीय रस्ते महासभेच्या निकषांनुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे चाकाच्या खुर्च्यांवरून समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील. उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघेदुखी असलेल्या आजींना याहून उंच पायरी दर फाटकापाशी चढायला-उतरायला लावली की त्या रस्त्यावरून चालू लागतात आणि मग 'पदपथ वापरत कोण?' असा शेरा मारला जातो. मोजपट्टी घेऊन आपल्या पदपथाची मोकळी रुंदी मोजावी. खांब, फीडर पेटी, झाडाचं आळं, दुकानाची पायरी वजा करून जे उरतं तेच मोजायचं.

पुण्याने 2016 मध्ये रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डीपी रस्त्यावर रुंद पदपथ, बसायच्या जागा, सलग पातळीचे चालण्याचे पट्टे करून दाखवले गेले. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. शहराला हे जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. मोठ्या रस्त्यांवर झालेलं काम गल्लीपर्यंत यावं, हीच आता मागणी असायला हवी.

एकट्याने नव्हे, गल्लीने

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने शहरांच्या कारभाराचे 18 विषय बाराव्या परिशिष्टात मांडले आणि 3 लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पुढे 2009 साली महाराष्ट्राने क्षेत्रसभेचाही कायदा केला. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा नगरसेवकाने घ्यावी, हा त्याचा गाभा. बहुतेक शहरांत ही सभा रुजलेली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. पुण्यात 2026 च्या निवडणुकीनंतर 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. चौघांपैकी कोणाला विचारायचं, या घोळात पडू नये. पत्र चौघांनाही एकच द्यावं, वर चौघांची नावं लिहावीत, पोच घ्यावी आणि क्षेत्रसभा कधी घेणार हे त्यातच विचारावं.

हे सगळं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही, पण एका गल्लीच्या नक्की आहे. चार सोसायट्यांनी मिळून एक वही करावी. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात: रस्ता शेवटचा कधी झाला, कोणी केला, हमी कधी संपते, त्यानंतर कोणी कुठे खोदलं आणि पावसानंतर पाणी कुठे साचतं. निवृत्त माणसांना वेळ असतो, तरुणांना अर्ज ऑनलाइन भरता येतात, दुकानदार दिवसभर रस्त्यावर लक्ष ठेवून असतो. कामं वाटून घेतली की कुणा एकावर भार पडत नाही. अशी वही घेऊन चार माणसं क्षेत्रीय कार्यालयात गेली की संभाषणाचा सूर बदलतो, कारण अनेकदा अभियंत्याकडेही एवढी सलग माहिती नसते. त्याची बदली होते, नगरसेवकाची मुदत संपते, ठेकेदार पुढच्या कामाला जातो. त्या रस्त्यावर पंचवीस-तीस वर्षं राहणारे फक्त आपण असतो, म्हणून त्याची स्मरणशक्तीही आपणच व्हायला हवं.

सुरुवात या सोमवारी दुपारी 3 वाजता करता येईल. गल्लीच्या शेवटच्या कामाची फाइल मागायची आणि हमीची तारीख उतरवून घ्यायची. ती अजून संपलेली नसेल तर पहिली दुरुस्ती तुम्हाला फुकट मिळणार आहे. संपली असेल तर पावसाळ्याअखेरच्या अर्जासाठी पहिली नेमकी ओळ तुमच्या हाती आली आहे.